शेर ते किलोग्रॅम : मापन-परिवर्तनाचा इतिहास आणि सार्थ अंकांचे अध्यापन

प्रस्तावना :
लाखनी परिसर भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात मोडतो. येथील शेतकऱ्यांच्या बोलण्यात धानाचे उत्पन्न आजही खंडीत सांगितले जाते. विक्री मात्र क्विंटलने होते. त्यांचीच मुले रसायनशास्त्राच्या वर्गात एककांचे रूपांतर परीक्षेपुरते पाठ करतात. हे अंतर कमी करण्यास मापनाचा इतिहास कसा उपयोगी पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
इंग्रजी अमदानीत १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरविण्यात आला. ८० तोळ्यांचा शेर व ४० शेरांचा मण, असे हे कोष्टक होते. स्वातंत्र्योत्तर काळात १९५६ मध्ये वजन-मापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा संमत झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला. ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली.

विवेचन :
या कायद्याने तोळा ०.०११६६३८, शेर ०.९३३१० व मण ३७.३२४२ किलोग्रॅम असे निश्चित केले. तोळ्याच्या आरंभीची शून्ये केवळ दशांशस्थान दर्शवितात. म्हणून तेथे सार्थ अंक सहा आहेत. शेराच्या अखेरचे शून्य मात्र सार्थ आहे; तेथे सार्थ अंक पाच होतात. शेराच्या मूल्यास ४० ने गुणल्यास ३७.३२४० मिळते. हे उत्तर कायद्यातील मणाशी जुळत नाही. याचे कारण असे की, शेराचे मूल्य आधीच पूर्णांकित केलेले आहे. ४० ही व्याख्येने ठरलेली संख्या असली, तरी पाच सार्थ अंकांतून ३७.३२४ एवढेच विधान करता येते. तोळ्यापासून आरंभ करून ३२०० ने गुणल्यास ३७.३२४१६, म्हणजेच ३७.३२४२ मिळते. पूर्णांकन अखेरच्या पायरीवरच का करावे, हे यावरून स्पष्ट होते.

पायलीचा प्रश्न याहून निराळा आहे. पायली हे आकारमानाचे माप असल्याने घनता ठाऊक असल्याशिवाय तिचे किलोग्रॅममध्ये रूपांतर करता येत नाही. आणि धानाचे वजन ओलाव्यानुसार बदलते. सराफ बाजारात १० ग्रॅमलाच ‘तोळा’ म्हणण्याची रूढी आहे. नाव तेच राहिले, परंतु मूळ वजनातून १.६६३८ ग्रॅम, म्हणजे सुमारे १४ टक्के भाग गळाला. हा फरक न जाणणाऱ्या ग्राहकाचा हिशेब चुकतोच.

निष्कर्ष :
सार्थ अंक हा केवळ गुणांचा विषय नसून मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा विषय आहे. जेवढे मोजले तेवढेच लिहावे. ही शिस्त प्रयोगशाळेइतकीच धानाच्या काट्यावरही आवश्यक आहे. म्हणूनच प्रथम वर्षाच्या अध्यापनात पाउंड-औंसाच्या उदाहरणांसोबत तोळा, शेर व पायली यांनाही स्थान मिळावे, असे वाटते.