ए४९८८: आजोळी वाढलेली पाटी

यवतमाळला काय किंवा पुसदला काय, अभियांत्रिकीची पोरं स्पर्धेचा रोबो जुळवायला बसली आणि त्यात स्टेपर मोटर असली, की कुरिअरच्या पाकिटातून बहुधा ड्रायव्हरची, म्हणजे मोटर चालवणारी, १६ पायांची एक पाटी निघते. टपाल तिकिटाएवढी. तिच्यावर अलेग्रो कंपनीची ए४९८८ चिप, चिकटवायचा हीटसिंक आणि एक इवलासा स्क्रू. एका वायरीवर पल्स आली की मोटर एक पाऊल टाकते, दुसरीवर दिशा ठरते.

ही रोबोत आली कुठून? जाणते मायक्रोमाऊसकडे बोट दाखवतात. १९७७ साली आयईईई स्पेक्ट्रम मासिकानं यंत्र-उंदरांची शर्यत जाहीर केली. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्येही ती झाली आहे. पुष्कळ उंदरांच्या चाकांना स्टेपरच होते. मोटरपुरतं मला मान्य, ड्रायव्हरपुरतं नाही. जुन्या उंदरांचं सुट्या ट्रान्झिस्टरांवर किंवा एल२९७-एल२९८च्या धटिंगण जोडीवर भागायचं.

माझ्या मते ही स्वस्त होऊन रोबोत आली ती थ्रीडी प्रिंटरमुळे. बाथ विद्यापीठातल्या ॲड्रियन बोयर यांनी २००५ साली रेपरॅप प्रकल्प सुरू केला: स्वतःचेच भाग छापणारा प्रिंटर, आराखडे सर्वांना खुले. एका प्रिंटरला चार-पाच स्टेपर, म्हणजे तेवढेच ड्रायव्हर. त्याच्या गाजलेल्या बोर्डाचं नाव रॅम्प्स, म्हणजे रेपरॅप अर्डुइनो मेगा पोलोलू शील्ड. यातली पोलोलू ही लास वेगासची कंपनी. ड्रायव्हरची पाटी तिचीच. आणि ती मुळात विकते काय? रोबोचे सुटे भाग! म्हणजे पोर रोबोच्याच घरची, आजोळी वाढून घरी परतलेली. मधल्या काळात स्टेपस्टिक नावाची खुली नक्कल निघाली, मग चिनी कारखान्यांनी तिचा पाऊस पाडला.

चिप स्वस्त झाली म्हणून पाटी स्वस्त झाली, असं कुणी म्हणेल. मग टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डीआरव्ही८८२५ आणि जर्मनीच्या ट्रिनॅमिकच्या चिपाही याच १६ पायांच्या बैठकीत येऊन का बसल्या? चिपा बदलल्या, बैठक हलली नाही, कारण घरोघरच्या प्रिंटरांत तिचे सॉकेट आधीच बसले होते.

नकलेत मात्र एक भानगड शिरली. मोटरचा कमाल करंट म्हणजे व्हीरेफ (स्क्रूनं ठरणारं संदर्भ व्होल्टेज) भागिले सेन्स रेझिस्टरची (करंट मोजणाऱ्या रोधाची) आठपट. जुन्या पोलोलूवर तो रेझिस्टर ०.०५ ओहमचा, बऱ्याच नकलांवर ०.१ चा. स्क्रू फिरवून व्हीरेफ ०.८ व्होल्टवर आणला, तर नकलेत १ अँपिअर मिळतो, जुन्या पाटीत २. हीटसिंकशिवाय ही पाटी जेमतेम १ अँपिअर सोसते.

तेव्हा पोरांनो, स्क्रूला हात लावण्याआधी भिंगातून रेझिस्टरवरचा आकडा वाचा: आर१०० म्हणजे ०.१, आर०५० म्हणजे ०.०५. आणि वीज चालू असताना मोटरची वायर उपसू नका, ड्रायव्हर तिथल्या तिथे जळू शकतो.