द्राक्षवेलीच्या ठिबक पाण्याची कुळकथा

बंगळुरातील मल्लेश्वरम ही वसाहत 1898 च्या प्लेगानंतर आखली गेली असली, तरी ज्या काडु मल्लेश्वराच्या देवालयावरून तिला नाव मिळाले ते पुष्कळ जुने असून, शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी त्यास मेदरनिंगनहळ्ळी हा गाव इनाम दिल्याची नोंद 1669 च्या शिलालेखात आहे. शिवालयात पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्राची संथ, अखंड धार मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. त्याच संथपणाने वेलीच्या मुळाशी पाणी पोचविण्याची विद्या मात्र अनेक देशांतील खटपटींतून सावकाश सिद्ध झाली.

बंगळुराच्या पठारावर बारमाही वाहणारी मोठी नदी नसल्यामुळे तळी व विहिरी हाच पूर्वापार आधार. मल्लेश्वरमलगतचा सँकी तलावही 1882 मध्ये शहराच्या पाण्यासाठीच बांधला गेला. उत्तरेस देवनहळ्ळी व चिक्कबळ्ळापूरकडे जांभळ्या, जाड सालीच्या, उग्र सुगंधाच्या ‘बेंगळूर ब्लू’ द्राक्षांचे मांडव आहेत, आणि सौम्य हवेमुळे हा वेल वर्षात दोन बहार देत असल्याने त्याची तहानही दुहेरी. पाटाने पाणी सोडले, की ओळींमधली मोकळी जमीन भिजे, त्यातले पुष्कळसे पाणी उन्हाने उडून जाई आणि तणच पोसले जाई.

या नासाडीवरचा प्राचीन उपाय मडक्याचा: इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील चिनी कृषिग्रंथात, पाण्याने भरलेले, झिलई न दिलेले मडके जमिनीत पुरून त्याभोवती वेल लावण्याची रीत वर्णिली आहे. पुढे जर्मनीत मातीच्या नळ्या व अमेरिकेत सच्छिद्र नळ जमिनीखाली घालून पाहण्यात आले. इस्रायलमधील जलअभियंता सिम्खा ब्लास यांनी 1930 च्या दशकात, गळक्या नळाशेजारचे एक झाड इतरांहून जोमाने वाढलेले पाहिले. परंतु स्वस्त प्लास्टिकची नळी दुसऱ्या महायुद्धानंतर उपलब्ध होईपर्यंत त्या निरीक्षणाचे यंत्र होऊ शकले नाही. बारीक छिद्र गाळाने तुंबते, म्हणून त्यांनी पाण्याला लांब, वळणावळणाच्या मार्गाने फिरवून त्याचा वेग मोडला, आणि 1965 मध्ये हात्झेरीम या सहकारी वसाहतीत या ठिबकसाधनाचे उत्पादन सुरू झाले.

महाराष्ट्रात 1980 च्या दशकात जळगावचे भवरलाल जैन यांनी या पद्धतीचा हिरीरीने प्रसार केला, आणि नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागाइतदारांनी ती आपलीशी केली. ताशी चार लिटर सोडणारा ड्रिपर वेलीशेजारी बसला, तरी पाणी किती वेळ चालवावे हे वेलीच्या अवस्थेवर ठरते: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घडनिर्मिती होताना पाणी आखडते घ्यावे लागते, ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीनंतर मणी फुगू लागले की हात सैल करावा लागतो, आणि गोडी भरताना पुन्हा आवरता. शिवाय ओलाव्याच्या कडेला क्षार साठतात, ड्रिपरची तोंडे बुजतात. म्हणून गाळण धुणे आणि नळ्यांतून आम्ल सोडणे हे काम नित्याचे.

परंतु या विद्येचे सर्वांत कठीण अंग अद्याप साधायचे आहे. वाचलेले पाणी भूमीत राहण्याऐवजी नव्या एकरांच्या लागवडीस लागते, आणि चिक्कबळ्ळापूर, कोलारकडील कूपनलिका हजार फुटांच्याही खाली जातात. वेलीला मोजून पाणी देणारा बागाइतदार विहिरीतून काढावयाच्या पाण्यालाही तितकेच कडक माप लावील, आणि त्या मापास गावाची संमती व सरकारचा अंमल मिळेल, तेव्हाच या तंत्राने कोरडवाहू मुलखावर खरा उपकार केला असे म्हणता येईल.