गोधडी शिवणकाम

गोधडी शिवणकाम म्हणजे कापडाचे लहान तुकडे एकमेकांना जोडून, त्यांचे थर करून, ते धावदोऱ्याने एकत्र शिवण्याची कला होय. महाराष्ट्रात ही कला प्रामुख्याने गोधडी किंवा वाकळ या अंथरुण-पांघरुणाच्या रूपाने ओळखली जाते. मात्र दुपटे, कुंची, बसकर, पिशवी, बटवा, तोरण आणि बैलांची झूल या वस्तूही याच पद्धतीने तयार होतात. सरळ कापणे आणि सरळ शिवणे एवढ्या दोनच कौशल्यांवर ही कला उभी असल्यामुळे शिवणकामाची सुरुवात करण्यासाठी ती सोयीची मानली जाते.

नावे आणि प्रसार

मराठीत गोधडी, गोदडी, वाकळ असे शब्द प्रदेशानुसार प्रचलित आहेत. हिंदीत तिला गुदडी, तर कन्नडमध्ये कौदी म्हणतात. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, सिंध व राजस्थानातील रल्ली आणि उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी हे याच परंपरेचे अन्य प्रकार आहेत. जुने कापड टाकून न देता त्याला पुन्हा उपयोगात आणणे हे या सर्वांमागील समान सूत्र आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्या जोडून केलेले वस्त्र वापरत.

पाटोदा आणि बालाघाट परिसर

पाटोदा हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले आहे. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. कमी आणि बेभरवशाचा पाऊस, हलकी जमीन आणि बहुतांशी कोरडवाहू शेती यांमुळे बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्यामुळे थंडीचा संपूर्ण काळ या कुटुंबांना फडाजवळच्या कोपीत काढावा लागतो. अशा वेळी भांडीकुंडी आणि धान्याबरोबर न्यावयाच्या सामानात अंथरुण-पांघरुणाला महत्त्व असते. जमिनीवर अंथरता येणारी, मूल गुंडाळता येणारी, फाटली तर त्याच जागी ठिगळ लावता येणारी आणि विकत न आणावी लागणारी गोधडी या जीवनपद्धतीत गरजेची वस्तू ठरते.

घरगुती गोधडीत आतील थरांसाठी जुनी सुती लुगडी, धोतरे आणि चादरी वापरतात. वरच्या थरासाठी रंगीत तुकडे जोडतात. अलीकडच्या काळात सुती लुगड्यांची जागा कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घेतल्यामुळे जुने मऊ सुती कापड पूर्वीइतके सहज मिळत नाही.

तयार तुकड्यांची उपलब्धता

नवशिक्यासाठी सर्वांत अवघड काम म्हणजे मोठ्या कापडातून अचूक कापणी. आधीच कापलेले लहान तुकडे वापरल्यास हा टप्पा बराच सोपा होतो. महाराष्ट्रातील घरांत असे तुकडे पुढील मार्गांनी सहज मिळतात.

खण: ओटी भरताना देण्यात येणारे खण किंवा ब्लाउज पीस अनेक घरांत वर्षानुवर्षे साठून राहतात. त्यांची लांबी साधारणतः ८० सेंटिमीटर ते १ मीटर असते. ८० सें.मी. लांब व ९० सें.मी. रुंद खणातून १२ सें.मी. बाजूचे ४२ चौकोन निघतात.

शिंप्याकडील कातरण: कपडे बेतल्यावर उरलेले तुकडे. यांचे आकार वेगवेगळे असल्यामुळे पुठ्ठ्याचा साचा ठेवून ते एका मापाचे करून घ्यावे लागतात.

जुने कपडे: सदऱ्याची पाठ, साडीचा कमी झिजलेला भाग, परकर इत्यादी.

पाश्चात्त्य बाजारपेठेत असे तुकडे ठरावीक मापात कापून विकले जातात. ५ इंची चौकोनांच्या संचाला चार्म पॅक, १० इंची चौकोनांच्या संचाला लेयर केक आणि अडीच इंच रुंद पट्ट्यांच्या गुंडाळीला जेली रोल म्हणतात.

कापडाची निवड

नवशिक्याने मध्यम जाडीचे सुती कापड निवडावे. ते सरकत नाही, इस्त्रीने घडी धरते आणि सुईला अडत नाही. नवे कापड कापण्यापूर्वी धुऊन घ्यावे. अन्यथा पहिल्या धुण्यात ते आटते आणि गडद खणाचा रंग शेजारच्या फिक्या तुकड्यावर उतरतो.

कापड सुती आहे की नाही हे ओळखण्यासाठी त्याचे दोन-तीन धागे चिमट्यात धरून जाळून पाहतात. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो. गरम भांडे धरण्याच्या कापडासाठी ही परीक्षा आवश्यक आहे, कारण कृत्रिम धागा वितळून त्वचेला चिकटल्यास गंभीर इजा होते.

साधने आणि मूलभूत तंत्र

सुई, सुती दोरा, कात्री, टाचण्या, मोजपट्टी, खडू, पुठ्ठ्याचा साचा, अंगुस्तान आणि इस्त्री एवढी साधने पुरेशी असतात. शिलाई यंत्र असल्यास तुकडे लवकर जोडता येतात, परंतु ते अनिवार्य नाही.

कापणी: चौकोनाच्या बाजू कापडाच्या उभ्या व आडव्या धाग्याला समांतर ठेवाव्यात. उरेब कापलेला तुकडा ताणला जाऊन वाकडा होतो.

माया: शिवणीसाठी कडेला सोडलेल्या जागेला माया म्हणतात. ती सर्व तुकड्यांत सारखी, साधारणतः १ सें.मी. ठेवतात. १२ सें.मी.चा चौकोन जोडल्यानंतर १० सें.मी.चा दिसतो. मायेतील लहान चूकही वाढत जाते. ८ चौकोनांच्या ओळीत ७ शिवणी असतात. प्रत्येक शिवण १ मि.मी. आत गेल्यास दोन्ही तुकडे मिळून २ मि.मी. कमी होतात आणि पूर्ण ओळ १.४ सें.मी.ने आखूड पडते. अशी ओळ शेजारच्या ओळीशी जुळत नाही.

जोडणी: दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून जोडतात. हाताने शिवताना बारीक धावदोरा घालून दर चार-पाच टाक्यांनंतर एक उलटी टीप घेतल्यास शिवण उसवत नाही. प्रथम आडव्या ओळी तयार करून नंतर त्या एकमेकींना जोडतात.

इस्त्री: एका ओळीतील माया उजवीकडे आणि पुढच्या ओळीतील डावीकडे दाबल्यास कोपरे एकमेकांत बरोबर बसतात व तेथे जाडी साचत नाही.

थर शिवणे: खाली अस्तर, मध्ये जुन्या कापडाचे थर आणि वर जोडलेले कापड असे सपाट जमिनीवर पसरून, सुरकुत्या काढून, लांब कच्चे टाके घालतात. नंतर धावदोरा घालून सर्व थर पक्के करतात. टाके समांतर रेषांत किंवा कडेकडून मध्याकडे चौकोनात चौकोन याप्रमाणे घालता येतात. शेवटी कच्चे टाके काढून टाकतात.

नवशिक्यांसाठी वस्तू

खालील सर्व मापे १२ सें.मी.चे चौकोन आणि १ सें.मी. माया गृहीत धरून दिली आहेत.

गरम भांडे धरण्याचे कापड: ४ चौकोन. दोन-दोनच्या ओळी जोडल्यावर २२ सें.मी.चे कापड मिळते. त्याच मापाचे अस्तर आणि जाड सुती कापडाचे दोन थर घ्यावेत. वरचे कापड व अस्तर सुलट बाजू आत ठेवून, त्यावर जाड थर ठेवून कडेने शिवावे. एका बाजूला चार बोटे जागा मोकळी ठेवून तेथून उलटावे व ती जागा बंद करावी. शेवटी मध्यातून धावदोरा घालावा. तयार वस्तू २० सें.मी.ची होते.

तोरण: ८ चौकोन. प्रत्येक चौकोन कर्णावर दोनदा दुमडल्यास त्रिकोण तयार होतो आणि सर्व कापलेल्या कडा त्याच्या लांब बाजूला एकत्र येतात. ही बाजू दुमडलेल्या पट्टीत बसवून एक सरळ टीप घातली की सुमारे ९६ सें.मी. लांबीचे तोरण होते. यात तुकडे एकमेकांना जोडावे लागत नाहीत.

बसकर: १६ चौकोन. तयार माप ४० सें.मी. आत जुन्या साडीचे चार-पाच थर घालतात. लहान आकारात पूर्ण गोधडीचे तंत्र शिकता येत असल्याने सरावासाठी हा उत्तम नमुना आहे.

पिशवी: १८ चौकोन. नऊ-नऊ चौकोनांच्या दोन बाजू करून तीन कडांनी जोडतात व आत अस्तर लावतात. तयार पिशवी ३० सें.मी.ची होते. बंद वरच्या कडेत अडकवून त्यांवर दुहेरी टीप घालावी, कारण सर्व वजन तेथेच येते.

दुपटे: ६४ चौकोन. तयार माप ८० सें.मी. दोन खणांतून एवढे चौकोन निघतात. बाळासाठी वापरावयाचे असल्याने टिकल्या, मणी, जर वा बटणे लावू नयेत. आत एकच पातळ सुती थर ठेवावा. काम संपल्यावर वापरलेल्या सुया व टाचण्या मोजून घ्याव्यात आणि दुपटे धुऊन, सर्वत्र हात फिरवून तपासावे.

सामाजिक आणि आर्थिक बाजू

गोधडी शिवणे हे दीर्घकाळ स्त्रियांचे फावल्या वेळातील काम समजले गेले. त्यामुळे त्याच्या श्रमाची स्वतंत्र मोजदाद झाली नाही. प्रत्यक्षात हाताने शिवलेल्या मोठ्या गोधडीला अनेक दिवस लागतात, तर तिची तुलना यंत्रावर तयार झालेल्या स्वस्त ब्लँकेटशी केली जाते. महाराष्ट्रात अनेक महिला बचत गट गोधड्या, दुपटी व पिशव्या तयार करून प्रदर्शनांतून विकतात. अशा विक्रीत कापड, दोरा आणि धुण्याचा खर्च याबरोबर शिवणीचे तास नोंदवून त्यांची मजुरी किमतीत धरली नाही, तर वस्तू विकली जाऊनही शिवणारीच्या हाती काहीच उरत नाही.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९६६ मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून रजया शिवणाऱ्या या स्त्रियांना तिच्यामार्फत स्वतःच्या कामाचे पैसे मिळू लागले. त्या परिसरातील जीज बेंड येथील रजया पुढे कलासंग्रहालयांत प्रदर्शित झाल्या.

निगा

गोधडी थंड पाण्यात धुऊन सपाट जागी वाळवतात. ओली गोधडी दोरीवर एकाच ठिकाणी टांगल्यास वजनामुळे टाके ताणले जातात. झिजलेल्या जागी वेळेवर ठिगळ लावल्यास ती अनेक वर्षे टिकते. फार जुनी झालेली गोधडी फेकून न देता नव्या गोधडीचा आतला थर म्हणूनही वापरली जाते.