पत्रांची चाळणी

डिसेंबर २०१९ मध्ये एका शिक्षिकेने आम्हाला ई-मेलने विचारले होते, की २६ तारखेचे सूर्यग्रहण मुलांना डोळ्यांना इजा न होता कसे दाखवावे? पत्राचा विषय होता 'वर्गणी पाठवली आणि एक प्रश्न'. विषयात 'वर्गणी' हा शब्द असलेले पत्र सरळ 'हिशेब' या फोल्डरमध्ये जावे, असा नियम आम्हीच लावला होता. महिनाअखेरीस तो फोल्डर उघडला तेव्हा ग्रहण होऊन गेले होते.

नियमाने सांगितले तेवढेच केले. हे नियम आले तरी कुठून?

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिले पत्र पाठवले. त्या काळी टपालपेटी म्हणजे एकच लांबलचक फाइल. नवे पत्र आधीच्या पत्राच्या शेपटाला जोडले जाई आणि वाचायचे तर सगळे ओळीने वाचावे लागे. हे जाळे ज्या संस्थेच्या पैशावर उभे होते त्या आर्पाचे संचालक स्टीफन लुकासिक यांचीच पत्रे साचू लागली. त्यांनी लॅरी रॉबर्ट्स यांच्याकडे तक्रार केली आणि जुलै १९७२ मध्ये रॉबर्ट्स यांनी 'आरडी' हा प्रोग्राम लिहिला. आता पत्रांची यादी दिसू लागली, हवे ते वाचता येऊ लागले, वेगळे काढून ठेवता येऊ लागले. निवड मात्र अजून माणसानेच करायची होती.

ती यंत्रावर सोपवायची, तर पाठवणाऱ्याचे नाव कुठे आहे आणि विषय कुठे आहे हे यंत्राला कळायला हवे. माणूस 'ती. दादांस' हे वाचून ओळखतो. यंत्राला ठरलेली जागा लागते. सप्टेंबर १९७३ मध्ये चौघांनी मिळून तशी जागा ठरवून दिली : वर प्रेषक, तारीख, विषय अशा ओळी, मग एक कोरी ओळ आणि खाली मजकूर. या चौघांत टॉमलिन्सन तर होतेच, शिवाय आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषणही होते. आमच्या मते या कथेतली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, कारण आजचे नियमही प्रामुख्याने याच ओळी वाचतात.

पुढे पत्रे इतकी वाढली, की १९८२ मध्ये पीटर डेनिंग यांनी 'इलेक्ट्रॉनिक कचरा' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेखच लिहिला. थॉमस मॅलोन आणि सहकाऱ्यांनी एमआयटीत 'इन्फर्मेशन लेन्स' ही प्रणाली तयार केली. १९८७ च्या त्यांच्या लेखात 'असे असेल, तर तसे कर' या घडणीचे नियम आहेत. १९९० मध्ये स्टीफन व्हान डेन बर्ग यांचा 'प्रॉकमेल' आला. त्यात नियमांना चक्क 'पाककृती' म्हणत!

पाककृतीप्रमाणे इथेही क्रम महत्त्वाचा. समजा, पहिला नियम : विषयात 'परीक्षा' असेल तर 'परीक्षा' फोल्डर. दुसरा : पत्र मुख्याध्यापकांचे असेल तर 'तातडीचे'. आता मुख्याध्यापकांचे 'उद्याची परीक्षा रद्द' हे पत्र आले. प्रॉकमेलमध्ये पहिल्या नियमाने पत्र फोल्डरात पडले, की काम थांबते; दुसऱ्याची पाळीच येत नाही. नियमांची अदलाबदल करा, पत्र योग्य जागी जाईल. वर्गात जुनी पाकिटे आणि चार खोकी घेऊन मुलांकडून हे करवून घेता येईल. एकाने फक्त नियम वाचायचे, दुसऱ्याने डोके न चालवता पाळायचे. डोके न चालवणे मुलांना किती अवघड जाते ते पाहा!

जानेवारी २००१ मध्ये 'सिव्ह' म्हणजे चाळणी या नावाची खास नियमांसाठीची भाषा प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात मुद्दामच पुनरावर्तनाची, म्हणजे तीच कृती पुन:पुन्हा करवण्याची सोय ठेवलेली नाही, म्हणजे एखाद्याच्या चुकीच्या नियमापायी सर्वांचे टपाल वाहणारा संगणक गरगरत बसणार नाही. शिवाय कोणताच नियम लागू पडला नाही, तर पत्र इनबॉक्समध्येच राहते.

आमचा 'वर्गणी'चा नियम अजून आहे. फक्त तो आता पत्राची एक प्रत इनबॉक्समध्येही ठेवतो.