व्यवसायविकास नियोजन, व्यक्तिगत
आपल्या उपजीविकेची दिशा, त्यासाठी लागणारी कौशल्ये आणि बदलाची वेळ व्यक्तीने स्वतः विचारपूर्वक ठरविण्याची प्रक्रिया. तिच्या शास्त्रीय मांडणीचा आरंभ फ्रँक पार्सन्स यांच्या १९०९ मधील ग्रंथापासून मानतात (पहा : व्यवसाय मार्गदर्शन).

खानदेशात मात्र ही प्रक्रिया एका नोकरीतील बढत्यांच्या क्रमात बसत नाही. हातचे साधन पुढच्या पायरीचे भांडवल करणे हे तिचे मुख्य लक्षण दिसते. वाकोद (जि. जळगाव) येथील भवरलाल जैन (१९३७–२०१६) यांनी शासकीय पद नाकारून १९६३ मध्ये रॉकेलविक्री सुरू केली. पुढे पपईच्या चिकापासून पपेन, पीव्हीसी नळ्या आणि ठिबक सिंचन असा विस्तार झाला. माल बदलला, पण शेतकऱ्याशी असलेला संबंध कायम राहिला (पहा : ठिबक सिंचन). सामोडे (ता. साक्री, जि. धुळे) येथील राजेंद्र भारूड यांचा मार्ग उलट दिशेचा : आधी वैद्यकीय पदवी, मग भारतीय प्रशासकीय सेवा. येथे पदवी हाच आधार होता.

अशी उदाहरणे अपवादात्मक असून भांडवल, जात व पाऊसच बहुतेकांचे भवितव्य ठरवितात, हा आक्षेप वजनदार आहे. तथापि तो अचूक भाकिताच्या दाव्याला लागू पडतो, नियोजनाला नव्हे. कोरडवाहू शेतीवरील कुटुंबाला पर्यायी कौशल्याची गरज बागायतदारापेक्षा अधिकच असते. १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाल्याने उच्च शिक्षणाचा पर्याय जवळ आला; रोजगार त्या प्रमाणात जवळ आला असे म्हणता येत नाही (पहा : स्थलांतर).