पपईची बाग तोडायची की वाचवायची? १५ वर्षांपूर्वीचा धडा

मंडळी, पपईवर पांढरा कापूस दिसला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. 'जालीम औषध मार' नाहीतर 'तोडून टाक अन् ऊस लाव'. खुटबाव, केडगाव, यवत, कुठल्याही पारावर विचारून बघा. म्हणून हा इतिहास सांगतोय.

तो कापूस म्हणजे पपईवरचा पिठ्या ढेकूण. मूळचा मेक्सिकोकडचा. भारतात २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि २०१० मध्ये आपल्या पुणे भागातल्या पपईवर त्याची नोंद झाली. किडा रस शोषतो, चिकटा पडतो, त्यावर काळी बुरशी चढते. असलं फळ व्यापारी हातात धरत नाही.

लोकांनी फवारण्यांवर फवारण्या केल्या. पण किड्याच्या अंगावर मेणाचं आवरण, औषध आत पोचतच नाही. मेले ते ढालकिड्यांसारखे मित्रकिडे. मग वैतागून कुऱ्हाड चालली. पपईच्याच नव्हे, तमिळनाडूत रेशीमवाल्यांच्या तुतीच्या बागाही गेल्या.

आता बघा, तोडून काय साधलं? हा किडा साठाहून जास्त प्रकारच्या झाडांवर जगतो. जास्वंद, तुती, आणि मुख्य म्हणजे गाजर गवत! बाग गेली, किडा बांधावरच राहिला. तोडलेली झाडं चारीला टाकली तर वाऱ्या-पाण्यासोबत पिल्लं शेजाऱ्याच्या रानात.

खरी गोम वेगळीच होती. किडा इकडे आला, पण त्याला मारणारा त्याचा शत्रू मायदेशीच राहिला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी उपयुक्त कीटक ब्युरोने (आजचं नाव राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो) २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या आणल्या. त्यातली 'असेरोफॅगस पपयी' सगळ्यात कामाची ठरली. चिलटाएवढी माशी पिठ्याच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते. या माश्या वाढवून राज्याराज्यांत वाटल्या. जिथे त्या रुजल्या तिथे काही महिन्यांत कीड आटोक्यात आली, फवारणी न करता.

हे जगात पहिल्यांदा घडलं असंही नाही. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबाच्या बागांवर अशीच एक परदेशी पांढरी कीड पडली. तिथल्या बागायतदारांनीही झाडं तोडून जाळली. शेवटी १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेल नावाच्या कीटकतज्ज्ञाला ऑस्ट्रेलियात पाठवलं. त्याने धाडलेल्या छोट्याशा ढालकिड्याने दोनेक वर्षांत धंदा सावरला.

मग झाड कधीच तोडू नये का? तसंही नाही. पपईला रिंगस्पॉट विषाणू लागला तर त्यावर औषध नाही. ते झाड उपटून पुरायलाच हवं, नाहीतर मावा तो रोग बागभर नेतो. शत्रू झाडाच्या आत बसला असेल तर झाड काढा. अंगावर बसला असेल तर आधी उपचार करा. पिठ्याने पार वाळवलेलं झाड मात्र काढून तिथेच जाळा किंवा पुरा, वाहून नेऊ नका.

पपईला पहिलं फळ यायला नऊ-दहा महिने लागतात. रोपं, ठिबक, खत, मजुरी, सगळा पैसा तोवर जमिनीत गेलेला असतो. कुऱ्हाडीला मात्र एक दुपार पुरते. त्या दुपारच्या आधी किडलेलं पान पिशवीत बंद करून तालुका कृषी कार्यालयात दाखवा. दौंडकरांना बारामतीचं आणि शिरूरकरांना नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र आहेच. पिठ्यात बारीक भोकं पडलेले, सुकलेले किडे दिसले तर समजा मित्रमाशी कामाला लागलीय. तिथे विषारी फवारा मारू नका.

आणि एक मागणी ग्रामपंचायतींकडे. रस्त्याकडेचं, कालव्याकडेचं गाजर गवत फुलायच्या आत काढा. एकट्या शेतकऱ्याने बाग तोडून ही कीड जात नाही, गावाने बांध साफ ठेवला तर तिला थारा मिळत नाही.

तुमच्या रानात काय अनुभव आहे? जरूर लिहा.