राजवाड्यातली झडप

१९७३ साली त्रावणकोरच्या राजघराण्याने तिरुवनंतपुरममधली एक बहुमजली इमारत केरळ सरकारच्या हवाली केली. तीन वर्षांनी तिथे श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय केंद्र सुरू झाले. एवढ्यावर थांबले असते, तर ते आणखी एक चांगले हृदयरोग इस्पितळ झाले असते. पण संचालक डॉ. एम. एस. वलियाथन यांना शस्त्रक्रियेइतकाच ध्यास होता तो तिला लागणाऱ्या वस्तू इथेच बनवण्याचा. इस्पितळापासून अकराएक किलोमीटरवर, पूजप्पुरा इथल्या सॅटेलमंड राजवाड्यात, संस्थेचा तंत्रज्ञान विभाग थाटला गेला. १९८० मध्ये संसदेने कायदा करून संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा दिला. डॉक्टर आणि इंजिनिअर एकाच संस्थेत, हा प्रकार तेव्हा आपल्याकडे नवाच होता.

निकड उघड होती. ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले रुग्ण बहुतेक तरुण आणि गरीब, आणि कृत्रिम झडप मात्र परदेशी, न परवडणारी. आराखडा ठरला तो कलत्या तबकडीचा : धातूची चौकट आणि तिच्यात उघडझाप करणारी एक गोल तबकडी. ऐकायला सोपे आहे. पण हृदय वर्षाला साधारण पावणेचार कोटी ठोके देते आणि प्रत्येक ठोक्याला तबकडी धातूवर आपटते, घासते. परदेशात यासाठी एक खास कार्बन वापरत, त्याचे तंत्र आपल्याकडे नव्हते.

पहिल्या मॉडेलमध्ये टायटॅनियमच्या चौकटीचे वेल्डिंगच दगा देऊन गेले. दुसऱ्यात चौकट एकसंध कोरून काढली आणि तबकडी घेतली कृत्रिम नीलमाची. नीलम म्हणजे अस्सल सिरॅमिक : कठीण, गुळगुळीत, रक्ताला न दुखावणारा. पण त्या कठीणपणाने टायटॅनियमच झिजू लागले. तिसऱ्यात धातू बदलला, झिजेला दाद न देणारा कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू आणला. आता धातू टिकला, पण प्राण्यांवरच्या चाचणीत नीलमच फुटला. सिरॅमिक दाब कितीही सोसेल, तडा मात्र सोसत नाही.

धातू आणि सिरॅमिक जिथे भेटतात तिथेच घात होतो, हे शरीरात बसवायच्या वस्तू करणाऱ्या साऱ्यांनाच नडते. १९८४ च्या सुमारास जपानमध्ये सेंदाईच्या संशोधकांनी अवकाशयानासाठी त्यावर तोड सुचवली : दोघांमध्ये सांधाच ठेवायचा नाही, एका टोकाला धातू, मग थराथराने सिरॅमिक वाढवत न्यायचे. पुढे दातांच्या आणि हाडांच्या रोपणांसाठी, आत टायटॅनियम आणि हाडाकडे हाडासारखे सिरॅमिक, अशा पदार्थांवर बरेच काम झाले.

तिरुवनंतपुरमच्या मंडळींनी वेगळीच वाट धरली, आणि मला ती जास्त धाडसाची वाटते. तीन अपयशांनंतर त्यांनी नीलम बाजूला ठेवला आणि तबकडी केली चक्क प्लास्टिकची, अतिउच्च रेणूभाराच्या पॉलिएथिलीनची. मऊ तबकडीमुळे धातू झिजत नाही, ती फुटत नाही आणि झडपेचा आवाजही कमी होतो. संस्थेतले जी. एस. भुवनेश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या चौथ्या मॉडेलचे माणसातले पहिले रोपण झाले ६ डिसेंबर १९९० रोजी. निरनिराळ्या इस्पितळांतल्या चाचण्यांनंतर उत्पादन घेतले चेन्नईच्या टीटीके समूहाने. होय, ज्यांच्या प्रेस्टीज कुकरच्या शिट्ट्या आपल्या घरोघर वाजतात तेच. आतापर्यंत एक लाखाहून अधिक झडपा बसवल्या गेल्या आहेत.



डॉ. वलियाथन २०२४ च्या जुलैमध्ये गेले. त्यांनी सुरू केलेल्या झडपेची नवी आवृत्ती टायटॅनियमची आहे. झिजला म्हणून टाकलेला धातू परत आला, अंगावर टायटॅनियम नायट्राइडचा, म्हणजे सिरॅमिकचाच, पातळ मुलामा घेऊन. तबकडी मात्र प्लास्टिकचीच राहिली.